गोधडीतली हवा

शाळेच्या वेळापत्रकात शिवणकाम कार्यानुभवाच्या तासाला येते आणि उष्णतेचे वहन विज्ञानाच्या तासाला. मध्ये घंटा वाजते आणि दोन्ही विषय एकमेकांना न भेटताच संपतात. कार्यानुभवात मुले रुमालाला धावदोरा घालतात, टाक्यांचे नमुने वहीत चिकटवतात. विज्ञानात ‘हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे’ हे वाक्य लिहून घेतात. रात्री मात्र ही मुले ज्या गोधडीत शिरून झोपतात, तिच्यात हे दोन्ही धडे एकत्र शिवलेले असतात. ते शिवणारी आजी शेजारीच झोपलेली असते. तिला विचारले तर ती म्हणेल, “मला काय येतंय? मी अडाणी बाई.”

तिला काय येते, हे आपण या लेखात पाहणार आहोत. त्यासाठी आपण बीड जिल्ह्यातली गोधडी घेऊ. हा जिल्हा कापसाचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरच्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. आणि दरवर्षी इथली असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात, तेव्हा भांडीकुंडी आणि कोयत्याबरोबर गाडीत चढणारी वस्तू म्हणजे गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणते, बाळासाठी केली तर ती दुपटे होते. शिवण्याची रीत थोड्याफार फरकाने तीच.

कोणता कपडा कुठे

गोधडीसाठी कापड विकत आणत नाहीत. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, परकर, फाटलेल्या चादरी असे घरातले सगळे मऊ झालेले कापड जमवतात. त्यातही एक क्रम असतो. नऊवारी लुगडे सगळीकडून सारखे विरत नाही. उठबस आणि घर्षण जिथे जास्त, तो भाग आधी जातो, काठ आणि पदर बरेच दिवस टिकतात. म्हणून पूर्वी लुगड्याचा विरलेला मधला भाग कापून टाकत आणि राहिलेले दोन चांगले भाग जोडून घेत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडेही विरले की ते गोधडीच्या वाट्याला येई. म्हणजे कपडा किती झिजला आणि आता तो कोणत्या कामाचा उरला, याची पाहणी वर्षानुवर्षे चाललेली असे.

गोधडी अंथरायला घेतली की टिकाऊ कापड बाहेरच्या बाजूंना आणि विरलेले आत, अशी मांडणी होते. यामागचे कारण सरळ आहे. बाहेरच्या थराला जमिनीवर, अंगावर, दोरीवर घासायचे असते. आतल्या थराला फक्त जागेवर पडून राहायचे असते. आतली चिंधी ओढ सोसत नाही, ती हवा धरून ठेवते. त्यासाठी तिच्या अंगात जोर असण्याची गरज नाही.

बाळाच्या दुपट्याला मात्र सर्वांत जुने, सर्वांत धुतलेले सुती कापड निवडतात. नव्या कापडात खळ असते, धागे घट्ट आणि ताठ असतात. पुन्हा पुन्हा धुतल्याने खळ निघून जाते, तंतू सैल होतात आणि कापड कुठेही सहज वाकते. आपण ज्याला ‘मऊ’ म्हणतो ते बव्हंशी हेच सहज वाकणे असते.

ठिगळ लावतानाही एक नियम पाळला जातो. कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. त्यांच्या दिशेने ओढले तर कापड फारसे ताणले जात नाही, तिरपे ओढले तर चांगलेच ताणले जाते. शिंपी या तिरप्या दिशेला उरेब म्हणतात. ठिगळाचे उभे धागे खालच्या कापडाच्या उभ्या धाग्यांना समांतर असले तर दोन्ही कापडे ओढीला सारखीच वागतात. ठिगळ उरेब लागले तर एक ताणते, दुसरे ताणत नाही, आणि कडेला चुण्या पडतात. रुमालाचा एक तुकडा तिन्ही दिशांना ओढून पाहिला की हे मुलांच्या हातालाच कळते.

ऊब कुठून येते

‘गोधडी गरम असते’ असे आपण बोलतो. पण सकाळी रिकाम्या गोधडीत तापमापक ठेवला तर तो खोलीइतकेच तापमान दाखवील. गोधडी उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता आपल्या शरीरात तयार होते. शांत झोपलेला मोठा माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. गोधडी फक्त ती लवकर निसटू देत नाही.

हे काम कापूस करतो असे वाटते, पण जास्त काम हवा करते. एक हिशेब करून पाहू. समजा, गोधडी १८० सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद आहे. तिच्यात सुती कापडाचे आठ थर आहेत आणि एका चौरस मीटर कापडाचे वजन १३० ग्रॅम आहे. गोधडीचे क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर. म्हणजे आठ थरांचे मिळून वजन साधारण सव्वादोन किलो झाले. कापसाच्या तंतूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. त्यामुळे या सव्वादोन किलो तंतूंनी व्यापलेली जागा फक्त दीड लीटर. आता गोधडीची जाडी ५ मिलिमीटर धरली तर तिचे एकूण आकारमान जवळजवळ ११ लीटर येते. उरलेले साडेनऊ लीटर काय आहे? हवा! गोधडीच्या दर सात भागांत सुमारे सहा भाग हवा असते.

स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पण हवा मोकळी असली की ती स्थिर राहत नाही. तापलेली हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते आणि या वाहण्यातून उष्णता निघून जाते. धाग्यांच्या, तंतूंच्या, थरांच्या मधल्या बारीक फटींत अडकलेल्या हवेला असे फिरता येत नाही. म्हणून एका जाड सतरंजीपेक्षा तेवढ्याच वजनाचे पातळ थर जास्त ऊब देतात. दोन थरांच्या मधली हवा, ही गोधडीची खरी सामग्री.

याच कारणाने ओली गोधडी ऊब देत नाही. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक चांगले उष्णता वाहून नेते. फटींतली हवा जाऊन तिथे पाणी आले की शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर पडते, शिवाय पाण्याची वाफ होतानाही ती खर्च होते. सुती कापड कोरडे दिसले तरी हवेतला ओलावा शोषून घेत असते. पावसाळ्यानंतर गोधड्यांना ऊन दाखवण्याची रीत आहे ती यासाठी. उन्हात ओल जाते, दबलेले तंतू थोडे फुलतात आणि पुन्हा हवा भरते. ओलाव्यावर जगणाऱ्या बारीक किडींनाही कोरडेपणा मानवत नाही.

टाका काय करतो

मग शिवायचे कशाला? थर नुसते एकावर एक टाकले तरी हवा अडकेलच. अडकेल, पण एका रात्रीपुरती. झोपणारा कूस बदलतो, थर सरकतात, चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात. कुठे दहा थर, कुठे एकही नाही अशी अवस्था होते. टाका थरांना जागेवर ठेवतो. पण टाका जिथे पडतो तिथे थर दाबले जातात, हवा कमी होते आणि त्या रेघेवर गोधडी पातळ होते. टाके फार जवळ घेतले तर गोधडी टिकाऊ पण ताठ आणि कमी उबदार. फार दूर घेतले तर उबदार पण लवकर विसकटणारी. बोटभर अंतरावर टाक्यांच्या ओळी घालणारी बाई या दोन टोकांच्या मधली जागा शोधत असते. हे अंतर तिला कुणी लिहून दिलेले नसते. मागच्या गोधडीची दोन-चार वर्षांत काय अवस्था झाली, हे पाहून पुढच्या गोधडीचे अंतर ठरते. प्रयोग, निरीक्षण आणि सुधारणा यालाच आपण वर्गात वैज्ञानिक पद्धत म्हणतो.

टाका असतो साधा धावदोरा. सुई खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. त्यात गाठ नाही, फास नाही. तरी तो वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण घर्षण. विहिरीवर जड बादली सोडताना दोराचा एक वेढा खुंटाला दिला की हाताला ओढ कमी लागते. दोर आणि खुंट यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर हाताला साधारण साडेसहावा हिस्साच ओढ लागते. दुसऱ्या वेढ्यानंतर त्याच्याही साडेसहावा. धावदोऱ्यात दोरा प्रत्येक टाक्याला वळतो आणि आठ थरांतून घासत जातो. प्रत्येक वळण थोडी ओढ खाते. म्हणून एका जागी दोरा तुटला तर शेजारचे दोन-चार टाके सैल होतात, पण पुढचे जागेवर राहतात.

याच्या उलट उदाहरण घरातच मिळेल. साखरेच्या किंवा खताच्या पोत्याचे तोंड यंत्रावर साखळी टाक्याने शिवलेले असते. त्यात प्रत्येक फास पुढच्या फासात अडकवलेला असतो. योग्य टोक सापडले की एका ओढीत सगळी शिवण उसवते. पोत्याला हेच हवे असते, कारण ते उघडायचे असते. घरच्या शिलाई यंत्राचा टाका आणखी वेगळा आहे. अमेरिकेत एलायस हाउ याने १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात सुईचे नेढे टोकाजवळ होते आणि वरचा व खालचा असे दोन दोरे कापडात एकमेकांत अडकत. आजही घरगुती यंत्रे याच तत्त्वावर चालतात. धावदोरा, साखळी टाका आणि यंत्राचा टाका असे तीन नमुने शेजारीशेजारी घालून प्रत्येकाचा दोरा मध्येच कापला आणि ओढून पाहिला, तर चांगला अर्धा तास रंगतो.

सुतालाही यात वाटा आहे. कापसाचा तंतू वाळताना चपटा होतो आणि फितीसारखा पिळला जातो. या नैसर्गिक पिळामुळे तंतू एकमेकांना धरतात, त्यांचे सूत होते. दोरा म्हणजे पीळ दिलेली दोन-तीन सुते. शिवताना सुई बोटांत थोडी थोडी फिरते, पीळ कमीजास्त होतो आणि दोरा गुंतू लागतो. अशा वेळी सुई दोऱ्याच्या टोकाला मोकळी लोंबकळू दिली की ती गरगर फिरते आणि जादा पीळ निघून जातो. शिवणारी बाई हे बोलताबोलता करते.

दोरा वीतभर-हातभरच का घ्यायचा, लांब घेतला तर सुई कमी वेळा ओवावी लागेल ना? मुले हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर घर्षणातच आहे. नेढ्याजवळचा दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून जातो. साठ सेंटिमीटर दोऱ्यात अर्धा सेंटिमीटरचे टाके घातले तर तो सव्वाशेच्या आसपास वेळा घासला जातो. दोऱ्याची लांबी दुप्पट केली की घासणेही दुप्पट. शेवटी तो पिंजारतो आणि तुटतो.

कडेकडून मध्याकडे

अनेक घरी गोधडीचे टाके कडेपासून सुरू होतात. एक फेरी पूर्ण झाली की तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असे करत शिवण मध्यापर्यंत जाते. कुणी सरळ समांतर ओळीही घालते. कडेची रीत घेतली तर थरांची तोंडे आधी बंद होतात आणि उचलताना, फिरवताना ते सरकत नाहीत. मात्र त्यासाठी सगळे थर आधी सपाट ताणलेले असावे लागतात. नाहीतर सैलपणा ढकलत ढकलत मध्यावर फुगा येतो. म्हणून आधी अंगणात कापड पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि लांब लांब टाके घालून ते टाचून घेतात.

या फेऱ्यांत एक सुंदर गणित आहे. आपल्या १८० बाय १२० सेंमीच्या गोधडीत ओळींमधले अंतर दीड सेंटिमीटर असेल, तर एकूण किती लांब शिवण होईल? एकेका फेरीची परिमिती काढून बेरीज करता येईल. अशा ४० फेऱ्या होतात. सर्वांत बाहेरची जवळजवळ ६ मीटरची, सर्वांत आतली सव्वा मीटरच्या आसपास, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा १२ सेंटिमीटरने लहान. ही अंकगणिती श्रेढी आहे. बेरीज येते १४,४०० सेंटिमीटर, म्हणजे १४४ मीटर. पण याहून सोपा मार्ग आहे. प्रत्येक ओळ दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी सांभाळते असे धरा. सगळ्या पट्ट्या मिळून गोधडीचे क्षेत्रफळ भरून काढतात. म्हणून क्षेत्रफळाला अंतराने भागा: २१,६०० भागिले १.५, उत्तर तेच, १४,४००. शिवण कशीही फिरवा, गोल, चौकोनी की सरळ, लांबी जवळजवळ तेवढीच राहते.

आता पुढे जाऊ. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तर १४,४०० टाके. एका वेळी ६० सेंटिमीटर कामी येणारा दोरा घेतला, तर सुई २४० वेळा ओवायची. मिनिटाला दहा टाके पडले, तर १,४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास. आजीच्या गोधडीवर एक अख्खी रात्र आणि एक अख्खा दिवस खर्ची पडलेला असतो. हा आकडा काढल्यानंतर मुले गोधडी जमिनीवरून ओढत नेताना जरा विचार करतील.

एकटीने आणि चौघींनी

चोवीस तासांचे हे काम सलग कुणी करीत नाही. दुपारची भांडी झाली की दोन तास, असे एकटीने केले तर बारा दुपारी लागतात. कंटाळवाणे वाटेल असे हे काम, तरी ते करणाऱ्या बायका त्यात रमतात. का?

मिहाय चिक्सेंटमिहायी या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून याच प्रश्नाचा अभ्यास केला. चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू आपल्या कामात इतके का गुंगतात? त्याच्या मांडणीचे सार असे: काम आपल्या कौशल्यापेक्षा फार सोपे असले की कंटाळा येतो, फार अवघड असले की धास्ती वाटते. दोन्ही जुळले, पुढे काय करायचे हे स्पष्ट असले आणि केलेले बरोबर की चूक हे लगेच दिसले, तर माणूस त्यात बुडून जातो. धावदोरा या कसोटीला उतरतो. पुढचा टाका कुठे, हे मागचा टाका सांगतो. वाकडा गेला तर तिथेच दिसतो. आणि ओळ सरळ ठेवण्याइतके लक्ष द्यावेच लागते. एकटीची दुपार ही बऱ्याच घरांत त्या बाईची स्वतःची म्हणावी अशी एकमेव वेळ असते. ठिगळ लाल की हिरवे, काठ कुठे फिरवायचा, हे तिथे तिला कुणाला विचारावे लागत नाही.

तीच गोधडी आळीतल्या चौघींनी धरली तर रंग बदलतो. गोधडीला चार बाजू आहेत आणि बाजूला एक जण बसते. हिशेबाने बारा दुपारींचे काम तीन दुपारींत व्हायला हवे. पण तसे होत नाही, आणि हेही मुलांना सोडवायला द्यावे असे कोडे आहे. शिवण आत सरकते तशी जागा आटत जाते. शेवटच्या फेऱ्यांत चौघींचे हात एकमेकांना लागतात, मग एकच शिवते आणि बाकीच्या दोरा ओवून देतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब, तिसरीची ओढ घट्ट. चारही बाजू सारख्या दिसायच्या तर एकमेकींच्या टाक्याकडे पाहून आपला बदलावा लागतो. नवी सून आणि वयात येणारी मुलगी इथेच शिकते, कुणी ‘शिकवत’ नसताना.

आणखी एक गोष्ट इथे घडते. हात आणि डोळे कामात असले की जीभ मोकळी होते. समोरासमोर बसून जे सांगता येत नाही, ते खाली मान घालून टाका घालताना सांगता येते. कुणाच्या घरी काय चालले आहे, कुणाचे दुखणे अंगावर काढले जाते आहे, कुणाला उसनवार हवी आहे, हे त्या वर्तुळात कळते.

मुलांनाही या मंडळात काम असते, ते म्हणजे सुई ओवण्याचे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग ताठ होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर ठरत नाही. साधारण चाळिशीच्या पुढे हे जाणवू लागते, म्हणून तर चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो. आजी सुई हातभर लांब धरते, कारण जवळचे नेढे तिला पुसट दिसते. तिच्या बोटांना टाका बिनचूक कळतो आणि नातवाच्या डोळ्यांना नेढे. दोघे मिळून एक शिवणारी होते.

अशी रीत फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात, बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोरा घालून ‘काँथा’ करतात. सिंधमध्ये रल्ली, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ तर कडेपासून मध्याकडेच शिवली जाते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड या छोट्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आधुनिक कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. कापड तेच, टाके तेच. पाहणाऱ्यांची नजर बदलली होती.

विरत चाललेले सुती कापड

बीड जिल्ह्यात या कामाला एक वेगळी निकड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. फडाशेजारी पाचट, बांबू, ताडपत्री यांची कोपी उभारून पाच-सहा महिने काढायचे असतात. उसाला पाणी दिलेली ती जमीन थंडीत गार आणि ओली असते. जमिनीकडून येणारी थंडी अंथरूण अडवते, वरची पांघरूण, आणि दोन्ही बहुधा गोधड्याच असतात. मुलांनी गावी राहून शिकावे यासाठी शाळांच्या आधाराने हंगामी वसतिगृहांची योजना राबवली गेली. अशी मुले मागे राहतात ती बहुतेक आजीपाशी. म्हणजे ज्या काळात आईवडील दूर असतात, त्याच काळात ते मूल गोधडी शिवणाऱ्या बाईच्या सर्वांत जवळ असते.

पण गोधडीचे सामानच बदलते आहे. सुती लुगडी, धोतरे घरात कमी उरली. आता साठतात त्या कृत्रिम धाग्याच्या साड्या. त्या स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या आहेत. हे गुण खरे आहेत आणि ओल्या जागी उपयोगीही पडतात. तरी फरक आहे. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम अंगाला चिकटून राहतो. गुळगुळीत धाग्यात टाक्याची पकड कमी पडते आणि थर सरकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आग. सुती कापडही पेटते, त्याबाबत गैरसमज नको. पण पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि वितळलेला चिकट पदार्थ कातडीवर बसतो. जिथे चूल आणि अंथरूण एकाच कोपीत असते, तिथे हा फरक समजून घेतलाच पाहिजे. कोणते कापड अंगाच्या बाजूला घ्यावे, चुलीपासून गोधडी किती दूर ठेवावी, याचे उत्तर मुले स्वतः शोधू शकतात.

दुसरीकडे बाजारात तयार ब्लँकेटे स्वस्त मिळतात. ती घेऊ नयेत असे आम्ही म्हणणार नाही. चोवीस तासांचे काम वाचत असेल तर ते कुणाला नको असते? पण गोधडीबरोबर अंतराचा अंदाज, घर्षणाची जाण, झिजेची पाहणी आणि चौघींची ती बैठकही जाणार असेल, तर निदान काय जाते आहे हे तरी नोंदवून ठेवायला हवे. ते कोणत्याही पुस्तकात पूर्ण लिहिलेले नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. तीन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकाभोवती सुती कापडाचे चार थर सैल गुंडाळा, दुसऱ्याभोवती तेवढेच कापड घट्ट आवळून, तिसऱ्याभोवती तेच कापड ओले करून. तिन्हींत सारखे गरम पाणी ओता, वर सारखी झाकणे ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे.

२. घरच्या गोधडीची चार वेळा घडी घाला, म्हणजे तिचे सोळा थर होतील. घडीची उंची मोजून सोळाने भागा. वजन ताणकाट्यावर करा. आपल्या गोधडीत हवा किती, याचा हिशेब मांडा. प्रत्येक घरचे उत्तर वेगळे येईल. का, यावर चर्चा करा.

३. पेन्सिल आडवी घट्ट बांधा. तिच्यावरून दोरा टाकून एका टोकाला दगड लटकवा, दुसरे टोक ताणकाट्याला बांधा. दगड हळूहळू खाली सोडताना अर्धा, दीड आणि अडीच वेढ्यांना काट्यावर किती ओढ दिसते ते पाहा.

४. चौघाचौघांचे गट करा. मुलगे आणि मुली, दोन्ही. प्रत्येक गटाने ३० सेंमी बाजूचा चौरस, चार थर, दीड सेंटिमीटर अंतराने शिवावा. शिवण ६ मीटर होईल, टाके सुमारे ६००, माणशी १५०. आधी प्रत्येकाने एक ओळ एकट्याने घालावी, मग चौघांनी मिळून. दोन्ही वेळा मिनिटाला किती टाके पडले ते नोंदवावे, आणि कशात जास्त मजा आली तेही. दुसऱ्या नोंदीला एकच बरोबर उत्तर नाही. काहींना एकट्याची ओळ आवडेल, काहींना चौघांची.

५. गावातल्या गोधडी शिवणाऱ्या दोन-तीन बायकांना शाळेत बोलवा. त्यांना सत्कारासाठी, नारळ देऊन बसवण्यासाठी बोलवू नका. शिकवण्यासाठी बोलवा. त्यांच्यासमोर कापड पसरा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. हेच कापड आत का? ओळीत एवढेच अंतर का? दोरा एवढाच का? पहिले उत्तर बहुधा “असंच करतात” असे येईल. तिथे थांबू नका. “तसं नाही केलं तर काय होतं?” असे विचारा. मग त्या बाई आपल्या फसलेल्या गोधड्यांबद्दल बोलू लागतील, आणि तिथून विज्ञानाचा तास सुरू होईल.